घोट्याला करंट आणि लघवीला आराम, माझा अनुभव

फोंडा-पणजी बसमध्ये मी दाराजवळचीच सीट का पकडते हे आता कंडक्टरला पण कळलं असेल. बाणस्तारीचा पूल आला की पोटात धस्स, मग ओल्ड गोव्यापर्यंत मंगेशाचं नाव घेत बसायचं. वय 52, शुगर नाही, इन्फेक्शन नाही, सोनोग्राफी नॉर्मल, तरी दिवसाला चौदा-पंधरा वेळा आणि रात्री चारदा उठायचं. डॉक्टर म्हणाले ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर, म्हणजे लघवीची पिशवी उगाचच घाई करते. गोळीने फरक पडला, खोटं कशाला बोलू, पण तोंड इतकं कोरडं व्हायचं की भजनात दुसऱ्याच अभंगाला जीभ टाळूला चिकटायची, वर पोट साफ व्हायचं नाव नाही. म्हणून मे महिन्यात पणजीच्या एका फिजिओकडे हे घोट्यावरचं करंट सुरू केलं.

दुखणं ब्लॅडरचं आणि करंट पायाला? मी पण हेच विचारलं. तर घोट्याच्या आतल्या बाजूने टिबियल नर्व्ह जाते, आणि कण्याच्या तळाला जिथून तिची मुळं निघतात तिथूनच ब्लॅडरच्या नसा पण निघतात, म्हणून इथे चाळवलं की तिथली घाई शांत होते म्हणे. बारीक सुई टोचून करतात तो प्रकार पण आहे, पण मी सुईला जाम घाबरते, सो चिकटवायचे पॅडच घेतले. एक पॅड घोट्याच्या हाडामागे, दुसरा साधारण 10 सेंटिमीटर वर, मग करंट हळूहळू वाढवतात, पायाचा अंगठा आपोआप खाली वाकायला लागला की जागा बरोबर. अर्धा तास. दुखत बिखत नाही, मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात तसं वाटतं.

फिजिओ बाई एकदम चांगल्या, किती वेळा गेले, किती घाई झाली, सगळं वहीत लिहून आणायला लावायच्या. पण क्लिनिक पहिल्या मजल्यावर आणि बाथरूमची चावी खालच्या फार्मसीत!! अहो, तुमचे पेशंट कोण आहेत ते तरी बघा. यासाठी एक स्टार कापला.

आठवड्याला एक असे 12 आठवडे. पहिले पाच आठवडे काहीच नाही, पैसे बुडाले असंच वाटलं. सहाव्यानंतर रात्रीचं उठणं कमी झालं, शेवटी दिवसाला आठ-नऊ आणि रात्री एकदा. (संध्याकाळचा चहा पण बंद केला होता, त्याचा पण हात असेल.) मग चतुर्थीच्या गडबडीत महिनाभर सोडलं तर परत पहिले पाढे, हे पुढे चालू ठेवावं लागतं ते मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. आता फिजिओनेच सेटिंग करून दिलेलं टेन्स मशीन (पॅडमधून हलका करंट देणारं छोटं यंत्र) घरी वापरते. मशीन ठीक, पण पॅड म्हणजे डोक्याला ताप, आपल्याकडच्या दमट हवेत पाय घामेजला की सुटतात, आणि अंघोळीला तेल लावलं असेल तर विसराच. साबणाने पाय धुवून कोरडा पुसून लावा आणि पॅड परत त्याच्या प्लास्टिकवर चिकटवून ठेवा, तर टिकतात.

पेसमेकर असेल किंवा दिवस गेलेले असतील तर हे करू नका, आणि स्वतःच्या मनाने मशीन मागवायच्या आधी युरोलॉजिस्टला दाखवा.

परवा गावच्या जत्रेत नाटकाला रांगेतल्या मधल्या खुर्चीत बसले, किती वर्षांनी. दुसऱ्या अंकानंतर उठले, पण चालत गेले, धावत नाही.