स्पार्क प्लग घरी बदलायचे, गॅरेजला की सर्व्हिस सेंटरला?

स्पार्क प्लग म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून इंधन पेटवणारा भाग. गाडी डिझेल असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाहीच, डिझेलला स्पार्क प्लग नसतात, हीटर प्लग असतात, तो वेगळा विषय. पण पेट्रोल किंवा सीएनजी असेल आणि सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतोय, सिग्नलला उभी असताना गाडी थरथरतेय, चढाला मिसिंग करतेय (मध्येच एखादा सिलिंडर पेटत नाही), अ‍ॅव्हरेज पडलंय, किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेले किलोमीटर भरलेत, तर प्लग बघायची वेळ झालीय. मिसिंग करणारी गाडी तशीच दामटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो गेला की खर्च प्लगच्या कित्येक पट.

आता बदलायचे कुणी? बहुतेक जण हे पैशावरून ठरवतात आणि मला ते पटत नाही. आधी बॉनेट उघडा आणि तुमच्या गाडीचे प्लग हाताला लागतात का ते बघा.

स्विफ्ट, वॅगनआर, ग्रँड आय टेन असल्या तीन-चार सिलिंडरच्या गाड्यांत प्लग इंजिनच्या डोक्यावर (हेडवर) एका ओळीत असतात, वरचं प्लास्टिक कव्हर किंवा एअर फिल्टरचं खोकं बाजूला केलं की प्रत्येक प्लगवर बसलेली, ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल दिसते. बहुतेकदा १० एमएमचा एक बोल्ट आणि एक कनेक्टर, तेवढं काढलं की कॉइल वर येते आणि खाली खोल भोकात प्लग. अशी गाडी असेल तर घरी करण्यासारखं यापेक्षा सोपं काम इंजिनमध्ये क्वचितच दुसरं असेल. पण जुनी आय-डीएसआय होंडा सिटी घेतली असेल, २००३ ते २००८ मधली, तर त्यात प्रत्येक सिलिंडरला दोन म्हणजे एकूण आठ प्लग आहेत आणि मागचे चार हाताला धड लागत नाहीत. ओम्नी-ईकोचं इंजिन सीटखाली. आणि अमेरिकेत राहणारे आपले लोक जी २०२० पर्यंतची व्ही-सिक्स (तीन-तीनच्या दोन ओळींत सहा सिलिंडर) टोयोटा सिएना चालवतात तिचे मागचे तीन प्लग वायपरखालचा भाग उघडल्याशिवाय नीट मिळत नाहीत, तिथे मजुरी कितीही महाग वाटली तरी पहिलंच काम म्हणून ते अंगावर घेऊ नका.

प्लग समोर दिसत असतील तर मग खरी तुलना सुरू होते.

सर्व्हिस सेंटरचा फायदा एकच आणि तो मोठा आहे, गाडी वॉरंटीत असेल तर कामाची नोंद राहते आणि उद्या काही बिघडलं तर कंपनीला तुमच्याकडे बोट दाखवायला जागा नसते. म्हणून वॉरंटीतल्या गाडीला मी घरी हात लावा म्हणणार नाही. वॉरंटी संपली की मात्र तिथे मजुरी जास्त आणि काम आपल्या डोळ्यांसमोर होईलच असं नाही. ओळखीचा गॅरेजवाला स्वस्त, पटकन करून देतो, शिवाय शेकडो इंजिनं हाताखालून गेलेली असल्यामुळे आवाजावरून त्याला जे कळतं ते आपल्याला कळणार नाही. अडचण एवढीच की घाईत असेल तर तो प्लगभोवतीची धूळ न उडवता सरळ पाना लावतो आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) काढेलच असं नाही. त्याच्याकडे करायचं तर गाडी नेल्यावर इंजिन गार होऊ द्या आणि शेजारी उभे राहा, यात संकोच कसला, गाडी आपली आहे.

घरी केलं तर वेळ आपला असतो आणि या कामात तोच सगळ्यात महत्त्वाचा. कारण धोका एकाच जागी आहे, आट्यांमध्ये. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, प्लग पोलादी, वाकडा धरून पाना फिरवला की आटे मरतात आणि मग हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी तारेची गुंडाळी) बसवा नाहीतर हेड उतरवा. म्हणून हे नीट वाचा. इंजिन पूर्ण गार पाहिजे, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. एका वेळी एकच सिलिंडर उघडायचा. कॉइल काढल्यावर भोकात सायकलच्या पंपाने हवा मारून धूळ-खडे उडवायचे, हे जो विसरतो त्याच्या सिलिंडरमध्ये वाळू जाते. जुन्या गाडीत कनेक्टरचं लॉक उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं ते हळू दाबायचं, ओढायचं नाही. नवीन प्लग एक्स्टेंशनला (पान्याला जोडायची लांब दांडी) लावून फक्त बोटांनी फिरवायचा, रॅचेट (कटकट आवाज करणारा पाना) नाही, अजिबात नाही, आणि बोटांनी शेवटपर्यंत गेला नाही तर मागे काढून परत लावायचा. पूर्ण बसला की मग टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर: १४ एमएम आट्याच्या वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ एमएमला १५ ते २०, १० एमएमला १० ते १२, तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. टॉर्क रेंच नसेल तर १४ एमएमचा नवा वॉशरवाला प्लग बोटांनी टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश वळसा, बस. आट्यांना ग्रीस लावू नका, प्लगवर आधीच मुलामा असतो आणि ग्रीसमुळे तोच टॉर्क प्रत्यक्षात जास्त बसतो.

हत्यारांचा खर्च बघता पहिल्या वेळी घरी केल्याने पैसे वाचतात असं मी म्हणणार नाही. प्लगचा सॉकेट लागतो, तोही आतून रबर किंवा चुंबक असलेला, बऱ्याच गाड्यांना १६ एमएम, काही नव्यांना १४. लांब एक्स्टेंशन, रॅचेट, फिलर गेज (प्लगच्या टोकाजवळची फट म्हणजे गॅप मोजायच्या पट्ट्या), आणि टॉर्क रेंच जो या सगळ्यांत महाग. हे सगळं घेतलं तर गॅरेजवाल्याच्या दोन-तीन वेळच्या मजुरीपेक्षा जास्तच जातं. पण सीएनजीवर चालवत असाल तर हिशोब बदलतो. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लग लवकर थकतात आणि मिसिंग आधी सीएनजीवर जाणवतं, पेट्रोलवर तीच गाडी बरी चालते. ज्याला प्लग वरचेवर बघावे लागणार त्याची हत्यारं वसूल होतात.

कोणते प्लग घालायचे यावर तर लोक भांडतात. निकेल धातूच्या टोकाचे स्वस्त, साधारण ३०-४० हजार किलोमीटर चालतात. इरिडियम तिप्पट-चौपट किमतीला, पण १ लाखाच्या आसपास जातात, कारण निकेल १,४५५ अंशांना वितळतं आणि इरिडियम २,४४६ ला, त्यामुळे इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ एमएम इतकं बारीक ठेवता येतं आणि ते लवकर झिजतही नाही. पिकअपमध्ये मोठा फरक पडेल या आशेने घेऊ नका, चांगल्या निकेल प्लगवर गाडी तेवढीच छान पळते. माझं मत असं, प्लग सहज हाताला लागत असतील आणि घरी करणार असाल तर निकेल घालून वेळेवर बदला, आठ प्लगवाली सिटी किंवा सिएना असेल तर इरिडियमच, कारण तिथे उघडण्याची मजुरीच जास्त. कंपनीने मुळातच इरिडियम दिले असतील, टर्बो गाडीत तर विशेष, तिथे मात्र निकेलवर उतरू नका.

प्लगचा नंबर मॅन्युअलमधलाच घ्या. एनजीके कंपनीच्या नंबरात आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, होतो, बॉशच्या नंबरात उलट, आकडा वाढला की गरम, म्हणून जवळचा आकडा बघून बदली प्लग उचलणं चुकीचं. (जुने लोक बॉशच्या प्लगला अजून मायकोच म्हणतात, कंपनीचं नाव २००८ मध्ये बदललं, नाशिकात मायको सर्कल अजून आहेच.) पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला घ्यायला गेलात तर बिलासकट घ्या, नकली प्लग खोक्यासकट हुबेहूब मिळतात. इरिडियमचा गॅप गेजने जोर लावून बदलायला जाऊ नका, टोक तुटतं.

आणि घरी करण्याचं जे कारण मला सगळ्यात जास्त पटतं ते म्हणजे जुने प्लग हातात येतात. सिलिंडरच्या क्रमाने ओळीत ठेवा आणि टोकं बघा. फिकट तपकिरी किंवा राखाडी असतील तर इंजिन सुखरूप. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर बघा. पांढरं फटक म्हणजे प्लग फार तापतोय. ओलं, तेलकट काळं असेल तर सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. आणि टोक नाही पण भोकातच, प्लगच्या वरच्या बाजूला, ऑइल साचलेलं दिसलं तर वरच्या कव्हरचं सील गेलंय, तसंच प्लग काढलात तर ते ऑइल आत उतरतं, त्यामुळे तिथे थांबा, कॉइल परत लावा आणि गाडी गॅरेजला न्या.