कॅनडातील वेल्डरची नोकरी आणि दुसऱ्याचा परवाना क्रमांक

नाशिक परिसरातील अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या वेल्डर, फिटर आणि सीएनसी ऑपरेटर मंडळींना परदेशातील नोकरीचे निरोप सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर सतत येत असतात. त्यांतले काही खरेही असतात, कारण कुशल कामगारांना परदेशात खरोखरच मागणी आहे, आणि नेमके त्यामुळेच खोटा निरोप वेगळा काढणे अवघड जाते. माझ्याकडून आणि माझ्यासोबतच्या काही जणांकडून कॅनडातील नोकरीच्या नावाखाली प्रत्येकी चार लाखांहून अधिक रक्कम उकळण्यात आली. हा व्यवहार कसा पुढे सरकत गेला ते तपशिलाने लिहीत आहे. तक्रार दाखल झाली असून तपास चालू असल्यामुळे संबंधित व्यक्तीचे आणि तिच्या फर्मचे नाव येथे देत नाही.

मी सातपूरच्या शासकीय आयटीआयमधून वेल्डर ट्रेड पूर्ण केला आणि गेली अनेक वर्षे अंबडमधील एका फॅब्रिकेशन कंपनीत टाक्या आणि पाइपिंगचे काम करतो. ओव्हरटाइम धरून महिन्याला 28,000 रुपये हातात येतात. कॅनडातील नोकरीसाठी तासाला 32 कॅनेडियन डॉलर दर सांगण्यात आला होता. आठवड्याला 40 तास धरले तर कर कापण्यापूर्वी ही रक्कम महिन्याला तीन लाखांच्या वर जाते. नंतर अनेकांनी आम्हाला ‘हाव नडली’ असे ऐकवले. मला ते मान्य नाही. कॅनडा सरकारच्या जॉब बँकेच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रांतातील वेल्डरचे वेतन कोणालाही पाहता येते, आणि तासाला 30 डॉलरच्या आसपासचा दर तिथे खरोखर मिळतो. म्हणजे दाखवलेला पगार फुगवलेला नव्हता. उलट तो बाजारभावाशी जुळता ठेवण्याची काळजी घेतलेली होती.

त्या फर्मचे कार्यालय नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका व्यापारी संकुलात होते. (कॅनडाला जाण्यासाठी आधी नाशिकमधला कॅनडा कॉर्नर नावाचा चौक ओलांडावा लागतो, अशी थट्टा आमच्यात तेव्हा झाली होती.) भिंतीवर काचेच्या चौकटीत परराष्ट्र मंत्रालयाच्या भरती परवान्याची प्रत लावलेली होती. 1983 च्या एमिग्रेशन अ‍ॅक्टनुसार भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटाला अशी नोंदणी करावीच लागते, आणि नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर सर्वांसाठी खुली असते. भिंतीवरचा क्रमांक मी त्या पोर्टलवर टाकून पाहिला. परवाना चालू स्थितीत होता आणि त्याची मुदतही शिल्लक होती. फक्त तो मुंबईतील एका दुसऱ्याच कंपनीचा होता. ‘ते आमचे हेड ऑफिस आहे, आम्ही त्यांची नाशिकची शाखा आहोत,’ असे उत्तर तयारच होते. या ठिकाणी सांगण्यासारखी महत्त्वाची गोष्ट अशी की, परवानाधारकाचा पत्ता आणि दूरध्वनी त्याच पोर्टलवर दिलेला असतो, आणि शाखा उघडायची तर तिलाही मंजुरी घ्यावी लागते. क्रमांक चालू आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. पोर्टलवरच्या दूरध्वनीवर, समोरच्या माणसाने दिलेल्या नव्हे, फोन करून ही शाखा तुमची आहे का, असे विचारावे लागते. पुढे मी तसा फोन केला तेव्हा त्या कंपनीतील बाईंनी शांतपणे सांगितले की, नाशिकमध्ये त्यांची कोणतीही शाखा नाही आणि असा फोन त्यांना यापूर्वीही आला होता.

सर्वांत जास्त विश्वास बसला तो ट्रेड टेस्टमुळे. ती अंबडमधील एका खऱ्या वर्कशॉपमध्ये घेण्यात आली. पाइप 45 अंशांत तिरका आणि घट्ट बांधून सिक्स जी पोझिशनमध्ये वेल्ड करायचा होता: रूट (सांध्याचा सर्वांत आतला थर) टिग वेल्डिंगने आणि वरचे थर 7018 या वेल्डिंग रॉडने. पाइप फिरवता येत नसल्यामुळे माणसालाच त्याच्याभोवती वाकून, गुडघ्यावर बसून, कधी डाव्या हाताने टॉर्च धरून काम करावे लागते, आणि खालच्या बाजूचा रूट नीट उतरला की नाही हे आत डोकावूनच कळते. परीक्षक म्हणून आलेल्या माणसाने पाइपमध्ये बॅटरी मारून पेनिट्रेशन (वेल्ड आतपर्यंत उतरले की नाही) पाहिले, कॅपिंगच्या म्हणजे सर्वांत वरच्या थराच्या कडेला बोट फिरवून अंडरकट (कडेला पडलेली खाच) शोधला, आणि आमच्यातील दोघांना नापासही केले. दोघांना नापास करणारा माणूस खोटा असेल, असे कोणाच्याही मनात आले नाही. पुढे पोलिसांच्या चौकशीत समजले की, तो परीक्षक रोजंदारीवर बोलावलेला एक अनुभवी वेल्डर होता, त्यालाही ही भरती खरीच वाटली होती आणि वर्कशॉप सुट्टीच्या दिवसापुरते भाड्याने घेतलेले होते. त्या दिवशी कामगारांची पारख अगदी प्रामाणिकपणे झाली. फक्त ज्या नोकरीसाठी ती झाली ती नोकरी अस्तित्वात नव्हती.

पैसे टप्प्याटप्प्याने घेतले गेले आणि प्रत्येक टप्प्याआधी हातात काहीतरी कागद ठेवला गेला. नोंदणीचे 25,000, ट्रेड टेस्टचे 15,000, एलएमआयएचे (परदेशी कामगार घेण्यासाठीच्या कॅनडा सरकारच्या मंजुरीचे) दीड लाख, मेडिकल आणि बायोमेट्रिकचे 40,000 आणि व्हिसा मंजूर झाल्याचे सांगून शेवटचे दोन लाख, असे एकूण 4,30,000 रुपये झाले. शेवटच्या हप्त्यासाठी घरातले सोने पतसंस्थेत तारण ठेवावे लागले. भारतीय नियमांनुसार नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये घेऊ शकतो, आणि त्याची पावती देणे त्याला बंधनकारक असते. पावत्या आम्हालाही मिळाल्या. त्यांवर ‘कौन्सेलिंग आणि डॉक्युमेंटेशन चार्जेस, परत मिळणार नाहीत’ असे छापलेले होते. नोकरी, भरती, कॅनडा यांपैकी एकही शब्द कुठल्याच पावतीवर नव्हता. 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर केलेल्या करारातही ‘मार्गदर्शन’ एवढेच लिहिलेले होते. रक्कम मात्र फर्मच्या खात्यात न जाता एका व्यक्तीच्या बचत खात्यात जात होती.

दीड लाखांचा हप्ता ज्या एलएमआयएसाठी घेतला, त्याविषयी जरा सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. परदेशी कामगाराला नोकरी देण्यापूर्वी, स्थानिक माणूस मिळत नसल्याचे दाखवून कॅनडातील मालकाने तिथल्या सरकारकडून घ्यावयाची ही मंजुरी आहे. तिचे शुल्क प्रत्येक जागेमागे 1,000 डॉलर असते, ते मालकाने भरायचे असते, आणि कामगाराकडून ते वसूल करण्यास तिथे कायद्याने मनाई आहे. म्हणजे ‘एलएमआयएची फी’ हे शब्द ज्याच्या तोंडून निघाले, तो एकतर खोटे बोलत असतो किंवा कॅनडाचा कायदा मोडत असतो. तिसरी शक्यता नाही. आम्हाला दिलेले नोकरीचे पत्र अल्बर्टा प्रांतातील एका खऱ्या कंपनीच्या लेटरहेडवर होते. त्या प्रांतात वेल्डर हा प्रमाणपत्र अनिवार्य असलेला ट्रेड आहे, आणि तिथल्या व्यवस्थेत शिकाऊ म्हणून नोंद किंवा मान्य प्रमाणपत्र असल्याशिवाय माणूस त्या कामावर उभा राहू शकत नाही. पत्रात मात्र पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर होण्याचे नमूद केलेले होते आणि प्रमाणपत्राचा उल्लेखही नव्हता.

त्यानंतर आले वर्क परमिट. जाड कागदावर रंगीत छापलेले, छायाचित्रासह, नाशिकमध्येच हातात मिळालेले. प्रत्यक्षात कॅनडाचा अर्ज मंजूर झाल्यावर परदेशातील अर्जदाराला मंजुरीचे पत्र मिळते आणि पासपोर्टवर व्हिसा चिकटवला जातो. वर्क परमिट हा कागद तिथल्या विमानतळावर उतरल्यानंतर अधिकारी छापून देतो. त्यामुळे नाशिकमध्ये हाती पडलेले वर्क परमिट हे स्वतःच स्वतःच्या खोटेपणाचा पुरावा होते. त्याहून ठळक गोष्ट म्हणजे आमच्यापैकी कोणाच्याही बोटांचे ठसे घेतले गेले नव्हते. कॅनडाच्या वर्क परमिटसाठी सूचनापत्र आल्यावर व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात प्रत्यक्ष जाऊन ठसे आणि छायाचित्र द्यावे लागते. आमच्यातील एकाने हे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘दादा, आता सगळे आधारशी लिंक झाले आहे, तुमचे ठसे तिकडे गेले.’ आधारमधील ठसे कोणत्याही परदेशी सरकारकडे जात नाहीत. ठशांचे शुल्क 85 डॉलर आणि परमिटच्या अर्जाचे 155 डॉलर, दोन्ही मिळून साधारण पंधरा हजार रुपये होतात. वैद्यकीय तपासणीही आमची एका साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली. कॅनडा ज्या डॉक्टरांना मान्यता देते त्यांची यादी त्यांच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर असते आणि तपासणीचे पैसे थेट त्या डॉक्टरांकडेच द्यायचे असतात.

वर्क परमिट हाती आल्यावर मी कंपनीच्या लेटरहेडवरील ईमेल बाजूला ठेवला, तिचे संकेतस्थळ स्वतंत्रपणे शोधले आणि त्यावरील पत्त्यावर विचारणा केली. दोन ओळींचे उत्तर आले: त्यांनी भारतातून कोणतीही भरती केलेली नाही आणि त्यांच्या नावाने फिरणाऱ्या पत्रांबद्दल संकेतस्थळावर सूचना लावलेली आहे. ती सूचना खरोखरच तिथे होती. हे सांगताच कार्यालयातील भाषा बदलली. जो माणूस आजवर भिंतीवरच्या परवान्याकडे बोट दाखवत होता, तोच म्हणू लागला की कॅनडासाठी परवाना लागतच नाही, कारण तुमचे पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्सची गरज नसलेले, आहेत. या युक्तिवादाला अनेक जण बळी पडतात म्हणून स्पष्ट करतो. दहावी उत्तीर्ण असलेल्याला एमिग्रेशन क्लिअरन्स (नोकरीसाठी परदेशी जाण्याची भारत सरकारची मंजुरी) लागत नाही, आणि ज्या 18 देशांसाठी तो इतरांना लागतो त्यांत कॅनडा नाही, हे खरे आहे. पण क्लिअरन्स ही जाणाऱ्याची बाब आहे आणि नोंदणी ही पाठवणाऱ्याची. देश कोणताही असो, भरती करणाऱ्याची नोंदणीतून सुटका होत नाही. त्याच आठवड्यात कार्यालयाला कुलूप लागले.

अशी वेळ आलेल्यांसाठी तक्रारीविषयी थोडे. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि ताजे असतील, तर सर्वांत आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वी समोरचे खाते गोठवले जाण्याची थोडीफार शक्यता असते. परदेशी नोकरीच्या फसवणुकीची तक्रार ई-मायग्रेट पोर्टलवर आणि मुंबईतील प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स (परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी नेमलेले सरकारी अधिकारी) यांच्याकडेही करता येते, आणि 1800 11 3090 या क्रमांकावर माहिती मिळते. पोलिसांकडील तक्रारीत भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीच्या कलमाबरोबर एमिग्रेशन अ‍ॅक्टचाही उल्लेख आग्रहाने करावा. त्या कायद्यातील दंडाची कमाल रक्कम 2,000 रुपये आहे, जी वाचून हसावे की रडावे हे कळत नाही. परंतु त्यात दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे, आणि नोंदणीविना भरती हा स्वतंत्र गुन्हा ठरत असल्यामुळे ‘आम्ही फक्त मार्गदर्शन केले’ हा बचाव लंगडा पडतो.

आमच्या पावत्यांवर नोकरीचा शब्द नसल्यामुळे खरा आधार ठरले ते व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण. ‘पुढच्या महिन्यात तुमची जॉइनिंग आहे’ अशा आवाजी संदेशांच्या प्रती आम्ही तक्रारीसोबत जोडल्या आणि मूळ फोन तसेच सांभाळून ठेवले. ज्यांनी काही रक्कम रोख दिली होती, त्यांच्या जबाबात ती कोणासमोर दिली हे नावानिशी नोंदवून घेतले. व्हिसाच्या नावाखाली जमा करून घेतलेले पासपोर्ट कार्यालयाच्या कपाटात सापडले आणि पंचनाम्यानंतर रीतसर अर्ज केल्यावर आम्हाला परत मिळाले. पैशांपैकी अद्याप काहीही परत आलेले नाही.