दिसत नसताना हॉस्पिटलला एकट्याने जाणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे. नजर वर्षानुवर्षं कमी होत गेली आणि आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. त्यात मधुमेह. त्यामुळे रक्त तपासणं, डॉक्टरांना दाखवणं, औषधं आणणं हे सतत चालूच. पूर्वी बायको दर वेळी रजा टाकून सोबत यायची. गेल्या पावसाळ्यापासून मी पुण्यातल्या एका ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलात एकटाच जातोय. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यातल्या बहुतेक अडचणी मला इतर हॉस्पिटलांतही आल्या आहेत.

दारापासून सांगतो. गेटपासून रिसेप्शनपर्यंत त्या पिवळ्या उंचवट्याच्या फरशा आहेत. लांब पट्ट्या म्हणजे सरळ चाला, गोल ठिपके म्हणजे थांबा किंवा वळा. फरशा नीट बसवल्या आहेत, पण त्यांच्यावर व्हीलचेअर लावून ठेवतात आणि रिसेप्शनला त्या संपतात. पुढे ओपीडी, लॅब, औषधाचं दुकान, कुठेच काही नाही. म्हणजे जिथे वाट चुकते तिथेच फरशी नाही. काठी आणि माणसं, यांच्यावरच खरं भागतं.

लिफ्टबद्दल मात्र तक्रार आहे. नव्या लिफ्टला स्पर्शाची बटणं आहेत आणि कुणीतरी चांगल्या हेतूने त्यांच्यावरच ब्रेलच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. ब्रेल वाचायला बोट फिरवावं लागतं, आणि बोट फिरवलं की प्रत्येक मजला दाबला जातो. लिफ्ट सगळीकडे थांबत जाते, आतले लोक वैतागतात, आणि कितवा मजला आला हे लिफ्ट बोलत नाही. ब्रेल बटणाच्या शेजारी हवं आणि मजल्याची घोषणा हवी. जुन्या लिफ्टला दाबायची उठावदार बटणं आहेत. मी तीच वापरतो.

सर्वांत मोठा फरक पडला तो नंबरच्या घोषणेने. आधी ओपीडीबाहेर नुसता ‘टिंग’ व्हायचा आणि आकडा पडद्यावर. प्रत्येक टिंगला शेजारच्याला विचारायचं, ‘दादा, कितवा आला?’ शेजारचा उठून गेला की पुन्हा नवा शेजारी. शेवटी मी ओपीडीच्या सिस्टरांशी बोललो. त्यांनी चौकशी केली तर कळलं, त्याच यंत्रात बोलून नंबर सांगायची सोय होती, कुणी चालूच केली नव्हती. आता ‘क्रमांक सत्तेचाळीस, खोली क्रमांक तीन’ असं स्वच्छ मराठीत ऐकू येतं. वाचता न येणाऱ्या आजीबाईंनाही ते उपयोगी पडतंय. एक पैसा खर्च झाला नाही.

माणसांची मदत हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण अनुभव चांगला व्हायचा की वाईट, हे इथेच ठरतं. सुरुवातीला वॉर्डबॉय मामा न विचारता माझी काठीच धरून ओढायचे, नाहीतर पाठीमागून ढकलायचे. एकदोनदा व्हीलचेअरवर बसायचा आग्रहही झाला. माझे पाय धडधाकट आहेत. मी प्रत्येकाला एकच सांगत राहिलो: ‘मामा, मी तुमचा कोपर धरतो, तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला.’ असं चाललं की समोरच्याच्या हातावरूनच वळण आणि पायरी कळते. एका मामांनी ते असं काही आत्मसात केलंय की आता जिना आला की ‘साहेब, पायरी, खाली’ एवढंच म्हणतात, आणि बसायच्या जागी माझा हात खुर्चीच्या पाठीवर नेऊन ठेवतात. बाकी मी माझा बसतो. नव्या पोरांनाही तेच शिकवतात. हे प्रशिक्षण हॉस्पिटलने सगळ्यांना द्यायला हवं, सिक्युरिटी आणि मावशींसकट.

लॅबमधल्या सिस्टर तर उत्तमच. हात लावण्याआधी बोलतात: ‘आता दंडाला पट्टा बांधते, आता स्पिरिट लावते, आता टोचेल.’ न दिसणाऱ्या माणसाला अचानक सुई टोचली की काय होतं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. याउलट काही डॉक्टर अजूनही, सोबत कुणी असलंच, तर त्याला विचारतात, ‘यांना काय त्रास होतोय?’ मी समोर बसलेला असतो. त्रास मला होतोय, तर मलाच विचारा.

काउंटरवर केसपेपरची माहिती मोठ्याने विचारली जाते: आजार, औषधं, फोन नंबर, सगळं रांगेसमोर. इतर लोक फॉर्म स्वतः भरतात म्हणून त्यांचं खाजगी राहतं, माझं चव्हाट्यावर येतं. संमतीपत्राचंही तेच. ‘इथे अंगठा द्या’ म्हणून शाईचं पॅड पुढे येतं. मी सही करतो, बँकेतही करतो. कागद आधी मला वाचून दाखवा, बाजूच्या खोलीत, हळू आवाजात, मग सहीच्या जागी पट्टी ठेवा. हे बोलल्यावर दोन्ही गोष्टी झाल्या, पण दर वेळी नव्याने बोलावं लागतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 25 इथे कामाला येतं. सरकारी आणि खाजगी, दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांत अडथळामुक्त प्रवेश आणि तपासणी-उपचारांत प्राधान्य, असं त्यात स्पष्ट आहे. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, दाखवल्यावर काउंटरवरच्या मुलीला हे माहीत नव्हतं. मी आता त्या कलमाची प्रत खिशातच ठेवतो. शांतपणे पुढे केली की काम होतं.

रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफमध्ये येतात, ही मोठी सोय. रक्ताचे रिपोर्ट टॉकबॅक, म्हणजे फोनमधला पडद्यावरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, वाचतं, फक्त तक्त्यात तपासण्यांची नावं आधी आणि आकडे सगळे नंतर आले की कोणता आकडा कशाचा ते जुळवताना डोकं दुखतं. सोनोग्राफीचा रिपोर्ट मात्र कागदाचा फोटो काढून पाठवतात, तो स्क्रीन रीडरला कोरा कागद. टाइप केलेली मूळ फाइल पाठवायला त्यांना वेगळं काही करावं लागत नाही. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर आमच्या डॉक्टरांनीच उपाय काढला. शेवटी माझा फोन चालू करून ते स्वतः बोलतात: गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, नाश्त्याआधी की नंतर. घरी गेल्यावर लागेल तेव्हा ऐकतो.

औषधं हा अजूनही सर्वांत धोक्याचा टप्पा. 1 ऑगस्ट 2023 पासून आपल्याकडे 300 औषधांच्या ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. फोनने स्कॅन केला की नाव, बॅच, मुदत कळायला हवी. माझ्या एका गोळीवर तो आहे आणि चालतो. पण दुकानदार सहा गोळ्या सुट्या कापून देतात, तेव्हा नाव आणि मुदत दुसऱ्या तुकड्यावर राहून जातात. हाताला सगळ्या स्ट्रिप सारख्याच लागतात. युरोपीय संघात औषधाच्या खोक्यावर ब्रेलमध्ये नाव असणं 2004 च्या निर्देशाने बंधनकारक आहे. आपल्याकडे ते यावं असं मनापासून वाटतं. तोवर मी पूर्ण स्ट्रिपच घेतो. दुकानातला मुलगा सकाळच्या गोळीला एक रबरबँड आणि रात्रीच्या गोळीला दोन लावून देतो. फोनमधल्या एआयला फोटो दाखवून मी फक्त खात्री करतो, निर्णय त्याच्यावर सोडत नाही. मिलिग्रॅमचा आकडा चुकीचा वाचलेला मी ऐकलाय.

गेल्या महिन्यात नोंदणीसाठी टचस्क्रीन कियॉस्क आलं. नुसती सपाट काच, आवाज नाही, हेडफोन लावायला जागा नाही. त्याच दिवसांत माणसांची काउंटरं कमी करून एकच ठेवलंय. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय. ते प्रकरण ई-केवायसीचं, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीचं होतं, पण हॉस्पिटलच्या कियॉस्कला वेगळा न्याय का असावा? कियॉस्क बोलायला लागेपर्यंत दुसरं काउंटर परत सुरू करा, असं मी व्यवस्थापनाला लेखी दिलंय आणि पोच घेतलीय. उत्तर आलं की इथेच खाली लिहितो.