लेडसीटीएल : कापसाचा अख्खा सीझन वापरल्यावर

चोपड्याकडच्या एका जिनिंगमधे ८ डिस्कचा सर्व्हर आहे, वजनकाटा, बिलिंग, सीसीटीव्ही सगळं त्याच्यावरच, लिनक्स आणि सॉफ्टवेअर रेड ६ (रेड म्हणजे डिस्क एकत्र बांधून एखादी गेली तरी डेटा टिकवायची पद्धत). मी बसतो जळगावला, सर्व्हरजवळ असतो तो ऑफिसातला पोरगा. डिस्क बदलायची वेळ आली की खरी भीती एकच, खराब राहिली बाजूला आणि शेजारची चांगली ओढली तर? रेड ६ दोन डिस्क जाईपर्यंत तग धरतं, रेड ५ असतं तर तिथंच खेळ खलास. ट्रेवर नंबरच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या पण रुईच्या धुळीत दिवाळीपर्यंतच त्या वाचता येईनाशा झाल्या.

म्हणून लेडमॉन पॅकेजमधली लेडसीटीएल, डिस्कच्या खणाचा दिवा लावणारी लिनक्सची कमांड. एसएसएचने (लांबून लॉगिन) आत जायचं, रूटने (अॅडमिन युजर) लोकेट म्हणून डिस्कचं नाव द्यायचं, त्या खणाचा दिवा भराभर लुकलुकतो, लोकेट ऑफ दिलं की बंद. मार्चमधे एका डिस्कचे रिअलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने डिस्कने बदललेल्या जागा) वाढायला लागले, एमडीअॅडमने (सॉफ्टवेअर रेड सांभाळणारी कमांड) तिला फेल करून रेडमधून काढली, दिवा लावला आणि फोन केला. तिकडून लगेच, "भाऊ, दिवा लागना (म्हणजे लागला), खालून दुसरा!" डिस्क बाहेर आल्यावर स्टिकरवरचा सिरीयल नंबर वाचायला लावला, स्मार्टसीटीएलमधल्याशी (डिस्कची माहिती दाखवणारी कमांड) जुळला. नवीन डिस्क बसली, रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत भरणं) सुरू. मला गाडी काढावी लागली नाही, हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

आता जे वापरूनच कळतं ते. लाईट गेली, सर्व्हर परत चालू झाला की लिनक्सने दिलेलं नाव बदलून काल एसडीसी असलेली डिस्क आज एसडीडी होऊ शकते, त्यामुळे नाव आधी लिनक्सच्या बाय-आयडी फोल्डरमधे सिरीयलवरून बघायचं, मगच दिवा लावायचा. दुसरं, साधी कमांड दिली की यादीत नसलेल्या बाकीच्या डिस्कचे दिवेही ती बदलते, तेवढ्याच डिस्कला हात लावायचा असेल तर मायनस एक्स द्या. लेडमॉन डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) चालू असेल तर तो रेडची हालत बघून स्वतःच दिवे लावतो आणि आपण लावलेला फेल्युअरसारखा पॅटर्न पुसूनही टाकतो.

डिस्क पूर्ण मेली आणि नावच गायब झालं तर? तेव्हा उलटं करा, जिवंत असलेल्या सगळ्यांना लोकेट द्या, जो खण लुकलुकत नाही तो काढायचा. एसईएसवाला (कॅबिनेटचे दिवे सांभाळायची एक पद्धत) बॅकप्लेन, म्हणजे डिस्क ज्यात बसतात तो मागचा बोर्ड, असेल तर सिसएफएसमधे (लिनक्सचं हार्डवेअरच्या फाईलींचं फोल्डर) एन्क्लोजरखाली त्या स्लॉटच्या लोकेट फाईलमधे १ लिहिलं तरी चालतं.

पण हे सगळं बॅकप्लेनवर आहे. एसजीपीआयओची (दिव्यांचा सिग्नल नेणारी) वायर जोडलेली नसेल तर एएचसीआयवर (मदरबोर्डचा साटा कंट्रोलर) कमांड एरर न देता संपू शकते आणि दिवा मात्र लागतच नाही. हार्डवेअर रेड कार्ड असेल तर लेडसीटीएलचा नाद सोडा, कार्डाचंच टूल वापरा, उदा. स्टोरसीएलआय, त्यात स्टार्ट लोकेट आहे. कॅबिनेट घेतानाच दुकानात सर्व्हर चालू करून एकेक खणाचा दिवा लावून बघा, पैसे द्यायच्या आधी.