ड्रॅगन्स डॉग्मा : डार्क अराइझन – क्लास नीट बघून घ्या राव

सोयाबीनची रास झाली अन् सेलमधी स्वस्तात भेटली म्हणून घेतली ही गेम, २०१३ ची हाय पण अजून लई भारी वाटते. परभणीत आमच्याकडं लाईटचा काय नेम नाही त्यामुळं दर दहा मिनिटाला सेव्ह मारत खेळायलोय.

मेन गोष्ट सांगतो. हितं लेव्हल वाढली की पॉइंट आपल्या हातात देत नाहीत, त्या टायमाला जो क्लास (म्हंजे आपला गडी कोणत्या प्रकारचा लढवय्या हाय ते) असल त्याच्या हिशोबानं आकडे वाढतेत. सॉर्सरर असल तर जादू जास्त, असॅसिन असल तर तलवारीचा मार जास्त, वॉरियरला रक्त भरपूर. अन् एकदा वाढलं ते वाढलं, मागं फिरता येत नाही. मला हे कुठं माहीत, मी पार ४० लेव्हलपर्यंत फायटर घेऊन ढाल आपटत बसलो अन् मंग हौस आली म्हणून सॉर्सरर झालो, तर माझा आगीचा गोळा म्हंजे नुसती फुलबाजी! राक्षस हाललाबी नाही.

पण घाबरू नका, चांगली जादूची काठी घेतली तर बराच फरक भरून निघतो, हत्यारावर लई काही हाय. अन् लेव्हल २०० पर्यंत जाते, फक्त १०० च्या पुढं वाढ एकदम चिल्लर. १० लेव्हल झाली की गेममधल्या ग्रान सोरेन शहराच्या खानावळीत क्लास बदलता येतो, एकूण ९ हायत. आपल्यासंगं फिरणाऱ्या प्यादीचंबी आकडे वाढायचं हेच गणित, तिला मी पहिल्यापासून जादूवालीच ठेवली, आता तीच मला वाचवायलीय.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क चालून चालून पाय दुखले त्याचा कापला.