बरणीभर चिल्लर: अंदाज मापाने, वजनाने की मोजून?

वर्षानुवर्षे साठवलेल्या चिल्लरीची किंमत काढायची असेल, तर तीन मार्ग उरतात: बरणी किती भरली आहे यावरून अंदाज, वजनावरून हिशेब आणि प्रत्यक्ष मोजणी. कोणता मार्ग निवडावा, हे बरणीच्या आकारापेक्षा तिच्यात कोणत्या नाण्यांची सरमिसळ आहे यावर अधिक ठरते.

बरणीकडे पाहून केलेला अंदाज सर्वांत सोपा, पण मला तो भरवशाचा वाटत नाही. २०११ पासून चलनात आलेल्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅमचे, दोनचे ४.८५ ग्रॅमचे, पाचचे ६ ग्रॅमचे आणि दहाचे ७.७१ ग्रॅमचे आहे. म्हणजे एक किलो एक रुपयाच्या नाण्यांचे सुमारे २६४ रुपये होतात, दोनच्या नाण्यांचे ४१२, पाचच्या नाण्यांचे ८३३, तर दहाच्या नाण्यांचे जवळपास १,२९७ रुपये. सारख्याच जड दोन बरण्यांच्या किमतीत जवळजवळ पाचपट अंतर पडू शकते, आणि बाहेरून दिसणारा थर आतल्या थरांसारखाच असेल याची खात्री नसते.

सरमिसळ नाण्यांचे वजन हा मधला मार्ग आहे. रिकाम्या बरणीचे वजन वजा करावे, सगळी नाणी चादरीवर ओतून नीट मिसळावीत आणि चारही बाजूंनी थोडी थोडी उचलून अर्धा किलोचा नमुना मोजावा. समजा त्यात २१० रुपये निघाले आणि एकूण वजन ९ किलो भरले, तर अंदाज ३,७८० रुपयांचा येतो. नमुना केवळ वरच्या थरातून घेणे ही यातली मोठी चूक, कारण वर बहुधा अलीकडच्या काळातलीच नाणी असतात.

सर्वाधिक विश्वासार्ह मार्ग म्हणजे आधी नाणी वेगळी करून मग प्रत्येक ढीग स्वतंत्र तोलणे. मात्र केवळ आकारावर विसंबून चालत नाही: १९९२ ते २००४ या काळातले स्टेनलेस स्टीलचे एक रुपयाचे नाणे आणि २०११ च्या मालिकेतले दोनचे नाणे, दोन्ही २५ मिलिमीटर व्यासाची आणि ४.८५ ग्रॅम वजनाची आहेत. त्यांच्यावरील अंक वाचावेच लागतात. पाचची जुनी तांबे-निकेलची नाणी तर ९ ग्रॅमची आहेत, म्हणून त्यांचाही ढीग निराळा हवा. घरगुती काट्यावर एकच नाणे तोलून सरासरी काढू नये. शंभर नाणी मोजून तोलली की काट्याची बारीकशी चूक शंभरांत विभागली जाते. पंचवीस पैशांची आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, तेव्हा ती हिशेबापूर्वीच बाजूला काढावीत. पन्नास पैसे मात्र अद्याप वैध आहेत.

एखाद-दुसऱ्या किलोसाठी सरळ हाताने मोजावे, हे उत्तम. पाच-सात किलोंच्या पुढे ढीग करून तोलणेच परवडते, आणि नुसती उत्सुकता भागवायची असेल तेव्हा नमुन्याचा अंदाज पुरे. रक्कम बँकेत भरायची असेल तर वेगळे करण्याचे काम वाया जात नाही, कारण रिझर्व्ह बँकेने एक व दोन रुपयांची नाणी वजनानेही स्वीकारण्यास बँकांना सांगितले असून शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या अधिक सोयीच्या मानल्या आहेत.