‘फ्रोझन’च्या सहा मूर्ती : एल्सा कोण आणि ॲना कोण?

भाचीच्या सातव्या वाढदिवसाला मी डिस्नेच्या ‘फ्रोझन’ या ॲनिमेशनपटातील पात्रांच्या छोट्या मूर्तींचा संच घेतला. एल्सा, ॲना, क्रिस्टॉफ, हान्स, ओलाफ हा हिममानव आणि स्वेन हे रेनडिअर, अशी सहा पात्रे त्यात आहेत. प्लॅस्टिक जाड आहे, कडा बोचत नाहीत आणि दोन महिने रोज हाताळूनही रंग उडालेला नाही. माझी तक्रार आहे ती चेहऱ्यांविषयी, आणि ती भाचीमुळेच लक्षात आली. तिने एल्सा आणि ॲना यांच्या केसांवर रुमाल गुंडाळला, पोशाख मुठीत झाकले आणि विचारले, “मावशी, ओळख बरं, यातली एल्सा कोण?” ॲनाच्या गालांवरचे बारीक ठिपके दिसेपर्यंत मला सांगता आले नाही. तेच गोल गाल, तेच टपोरे डोळे, तेच शेंड्याला किंचित वर वळलेले इवलेसे नाक. क्रिस्टॉफ आणि हान्स यांना रुमाल गुंडाळला तेव्हा मात्र क्षणभरही विचार करावा लागला नाही, कारण एकाचे नाक रुंद आणि जबडा भरदार आहे, तर दुसऱ्याचा चेहरा लांबट असून त्याने कल्ले राखलेले आहेत.

याचा दोष मूर्ती घडवणाऱ्यांचा नाही. त्यांनी पडद्यावरचे चेहरे प्रामाणिकपणे उतरवले आहेत. दोघी बहिणी असल्यामुळे सारख्या दिसतात, असे कोणी म्हणेल. पण डिस्नेच्याच २०१० च्या ‘टँगल्ड’ या चित्रपटातील रपुन्झेल त्यांची कोणीही लागत नसताना तिचा चेहराही जवळपास हाच आहे. २०१३ मध्ये ‘फ्रोझन’ प्रदर्शित होण्याच्या सुमारास त्याचे ॲनिमेशनप्रमुख लिनो डिसाल्वो यांनी एका मुलाखतीत सांगितले होते की, स्त्रीपात्रांना अनेक भावना दाखवायच्या असतात आणि तरीही त्यांना सुंदर ठेवावे लागते, म्हणून त्यांचे ॲनिमेशन फार कठीण असते. त्या विधानाचा विपर्यास झाल्याचे डिस्नेने नंतर म्हटले, पण या मूर्ती हातात घेतल्या की मला तेच आठवते. रागाने नाकपुड्या फुगतात, रडू आवरताना हनुवटी आक्रसते, खळखळून हसताना गाल डोळ्यांवर चढतात. चेहरा प्रत्येक क्षणी सुंदरच दिसला पाहिजे ही अट आधीच घातली, तर रेखाटनकाराच्या हाती केस, पोशाख आणि ठिपके एवढेच उरते. चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी जेनिफर ली या स्त्री आहेत आणि कथेचा सारा भार या दोन बहिणींनीच पेलला आहे, म्हणून तर चेहऱ्यांच्या बाबतीतला हा हात आखडता घेणे मला जास्त खटकते.

याच स्टुडिओने २०२१ च्या ‘एन्कांतो’मध्ये रुंद खांद्यांची, पिळदार दंडांची लुईसा घडवली, आणि तिला पाठमोरी पाहिली तरी ती ओळखू येते. पुढच्या वाढदिवसाला मी तिची मूर्ती आणणार आहे. या संचाला टिकाऊपणासाठी पाचपैकी चार तारे आणि चेहऱ्यांसाठी दोन.